धुळाजीनं ठेवलेला गडी

धुळाजीनं जन्मात स्वतःहून काही ठरवलं असेल तर ते एवढंच, की तंबाखूला चुना जास्ती लावायचा का कमी. बाकीचं सगळं पाडव्याला दुसरी माणसं ठरवायची. गुढी उभी राहिली, लिंबाचा पाला चावून तोंडं वाकडी झाली, की नांदूरघाटाच्या अलीकडच्या त्या गावात मारुतीच्या पारावर गड्यांची सालं ठरायची. कोण कुणाकडं वर्षभर राबणार, ज्वारी किती, घोंगडं कवा, वहाणा कवा, हे बोलून व्हायचं. मालकानं हातात विडा दिला की झालं. मग पुढल्या पाडव्यापर्यंत गड्याच्या डोक्याला काम नाही, सगळं काम हातापायाला.

मिसरूड फुटलं तेव्हापासून धुळाजी मोहनरावांचा सालगडी. औंदा मोहनरावांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, "धुळा, आता घरी बस. लई राबलास." बैलांच्या वेळी मोहनराव रडले होते. धुळाजीच्या वेळी त्यांनी चहा पाजला.

घरी आला तर सून सत्यशीला अंगणात फोन घेऊन बसलेली. ती बचत गटाची अध्यक्षा, त्यामुळं तिला सगळ्यांचं भलं करायची सवय.

"बरंच झालं, मामा," ती म्हणाली. "उद्या नवं वर्स लागतंय. औंदा काय करायचं ते तुमी तुमच्या मनानं ठरवा. आमच्या गटातल्या समद्यांनी ठरवलंय. कुणी साखर सोडणार, कुणी सायकल शिकणार."

"मी काय सोडू? माझं तर आत्ताच सुटलंय."

चुलीपुढून छबुबाई म्हणाली, "काय सोडू नका. मला माझ्या आंब्याला न्या."

छबुबाईचं माहेर सिरसाळ्याचं. परकरात असताना तिनं तिथं मळ्यात एक कोय पुरली होती. ती लग्न होऊन इकडं आली आणि झाड तिकडं वाढलं. सगळ्या सिरसाळ्यानं त्याचा आंबा खाल्ला, हिला तेवढा पिशवीतून येई, अर्धा एस्टीत चेंगरलेला. आंब्याचे दिवस म्हणजे नांगरटीचे दिवस. धुळाजी दर साली सुट्टी मागायचा आणि मोहनराव दर साली म्हणायचे, "काम उरकू दे, मग बघू." ते बघणं काही झालं नाही. ती एकटी गेली असती, पण भावजय दारातच विचारायची, दाजी कावून न्हाई आले? त्याचं उत्तर द्यायचा छबुबाईला कंटाळा आला होता.

"ठरलं," धुळाजी म्हणाला. "मिरगाच्या आत तुला झाडाखाली बसवून आंबा खाऊ घालतो."

ठरलं खरं, पण ठरवलेलं पाळायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आजवर त्यानं पाळलं ते मालकाचं. मालक नसला की माणूस बांधाबांधानं तोंड घालत हिंडतो, हे त्यानं बैलात पाहिलं होतं. तेव्हा पाडव्याला त्यानं लग्नातला पटका काढला, काखेत मारला आणि पारावर गेला.

तिथं मोहनराव होते, त्रिंबक न्हावी होता, आणखी चारजण होते. सगळ्यांना रामराम करून धुळाजीनं पटका बांधला आणि पाराच्या वरच्या पायरीवर बसला.

"काय बे धुळा, राहतोस का साल माझ्याकडं?" त्यानं खालच्या रिकाम्या पायरीला विचारलं. मग पटका काढून ठेवला, खाली उतरला, हात जोडून वर बघत म्हणाला, "राहतो मालक. पण आंब्याच्या दिसात चार दिस सुट्टी पायजे. बायकूला घेऊन सिरसाळ्याला जायचंय."

पुन्हा वर. पुन्हा पटका. "काम उरकू दे, मग बघू."

त्रिंबकाच्या हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. "धुळाजी, सरळ सुट्टी देऊन टाक की तुझी तुला."

"मी कोण देणारा? मी गडी हाय."

"मंग मालक हो आन् दे."

"मालक झालो की काम दिसाया लागतंय ना," धुळाजी म्हणाला, आणि उजव्या हातानं डाव्या हातात विडा दिला. साल ठरलं.

मोहनराव उठता उठता हळूच म्हणाले, "मी असाच बोलायचो व्हय रे?"

"न्हाई न्हाई. तुमी बरं बोलायचे. ह्यो लई खवीस हाय."

आणि खरंच खवीस निघाला. मालकानं गड्याला बाजारातून वहाणा आणल्या, मालकाच्या पसंतीच्या, म्हणजे गड्याला चावणाऱ्या. घरामागं वावर म्हणाल तर कोथिंबिरीएवढं आणि जनावर म्हणाल तर एक शेळी. पण मालकाला काम दिसायचं. सकाळी उकिरडा इथून उचलून तिथं. संध्याकाळी मालक पटका बांधून यायचा, उकिरडा बघायचा आणि म्हणायचा, "तिथंच बरा व्हता." शेळीला एवढा खरारा झाला की ती माणूस दिसलं की छपरावर जायला लागली.

जेवायच्या वेळी छबुबाई आधी विचारून घ्यायची, "कोण आलंय?" मालक असला तर आत पाट, ताट, तांब्या. गडी असला तर उंबऱ्याबाहेर हातावर भाकरी आणि ठेचा. यात तिला एक गोष्ट लागली गोड. मालकाला अहो-जाहो करावं लागे, पण गड्याला कोण अहो म्हणतं? "ए धुळा, पाणी आण. ए धुळा, तिकडं बस, धूर येतोय." इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला अरे-तुरे करायची तिला पहिल्यांदा मुभा मिळाली होती. त्यामुळं सुरुवातीला तिनंही फार ओढून धरलं नाही.

वैशाखात गडी पळून गेला.

दुपारी मालक पटका बांधून मोहनरावांच्या दारात उभा. "आमचा गडी आलाय का इकडं?"

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आलता. सकाळी बैलांच्या रिकाम्या गोठ्यात बसलता."

"काय म्हणत व्हता?"

"मालक सुट्टी देत न्हाई म्हणत व्हता. धुळा, जा की बाबा बायकूला घेऊन."

"तुमी दुसऱ्याच्या गड्याला फितवू नका," मालक म्हणाला आणि तरातरा गोठ्यात गेला. तिथं कुणी नव्हतं, ते साहजिकच होतं. थोड्या वेळानं गडी पटका काखेत घेऊन, खाली मान घालून घरी आला.

त्याच दिवशी छबुबाईच्या भावाचा, सुग्रीवचा फोन आला. "आक्का, पाडाचा आंबा संपत आलाय. वरच्या फांदीला तेवढा राहिलाय. वारं सुटलं की त्यो बी जातोय. येतीस का पाठवू पिशवीत?"

"पिशवीत नगं," छबुबाई म्हणाली. फोन सुनेच्या हातात देऊन ती आत गेली, इरकली लुगडं नेसली, बटव्यातून पानसुपारी काढली.

"आत्या, कुठं?"

"गडी सोडवाया. तू साक्षीला ये."

आपल्याकडं रीत अशी, की अर्ध्या सालात दुसऱ्या कुणाला गडी हवा असला तर जुन्या मालकाला विचारावं, वहाणा परत द्याव्या, विडा ठेवावा. मालकानं विडा उचलला की गडी सुटला. छबुबाई ओसरीवर गेली. "मालक हायत का?"

धुळाजीनं घाईनं पटका गुंडाळला. "हायत. बसा."

"तुमचा गडी मला पायजे. ह्यो विडा घ्या आन् सोडा त्याला."

"न्हाई सोडत."

"कावून न्हाई? आळशी तर हाय. तंबाखूपायी चार डाव बसतोय. माझं ऐका, तुमचा जीव सुटंल."

"आळशी?" मालक ताठ झाला. "बाई, तोंड सांभाळून बोला. माझ्या गड्याला आळशी म्हणायचं न्हाई. तांबडं फुटायच्या आत उठलेला असतोय त्यो. बैलाच्या आधी कदी जेवला न्हाई. तापात फणफणला तरी पाण्याची पाळी चुकिवली न्हाई. असा गडी ह्या पंचक्रोशीत..."

पटका कानावर घसरला होता, तो त्यानं सावरला नाही. इतक्या पाडव्यांत असं कुणी त्याच्याबद्दल बोललं नव्हतं, आणि आता बोललं तर ते ऐकायला गडीही तिथंच बसलेला.

सत्यशीलानं पदर तोंडाला लावला, हसायला का कशाला, ते तिलाच माहीत.

छबुबाई मग म्हणाली, "एवढा गुणाचा गडी, आन् त्याला चार दिस सुट्टी देत न्हाई. कसला बाई मालक म्हणावं तुमाला?"

मालकापाशी एकच वाक्य होतं, ते त्याच्या ओठावर आलं, आणि त्याला ते एकदम शिळ्या आमटीसारखं लागलं. त्यानं चावऱ्या वहाणा काढून बाजूला सारल्या आणि विडा उचलला.

"ए धुळा," छबुबाई म्हणाली, "ऊठ. पिशवी भर."

केजला गाडी बदलून दोघं सिरसाळ्याला पोचले. भावजय दारातच उभी होती. तिनं दाजींना बघितलं आणि तिच्याकडं विचारायला काही राहिलं नाही, म्हणून तिनं चहा टाकला.

सुग्रीव झाडावर चढला. खाली आंबा झेलायला काय धरायचं, तर धुळाजीनं पिशवीतून पटका काढला, दुहेरी केला, दोन टोकं त्यानं धरली, दोन छबुबाईनं. मालक आडवा पसरला आणि वरून आंबे त्याच्या पोटात पडायला लागले. एक फुटला, पटका पिवळा झाला. धुळाजीनं सवयीनं वर बघून दाताखाली जीभ धरली, पण रागवायला कुणी नव्हतं.

छबुबाई झाडाला पाठ लावून बसली. आंबा हातात घोळून, देठाकडचा चीक पिळून तिनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. रस कोपरापर्यंत आला तरी पुसला नाही.

चार दिवस झाले. धुळाजीला हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. त्यानं मेव्हण्याचा उकिरडा दोनदा हलवून दिला होता. शेवटी तो झाडाखाली येऊन हात जोडून उभा राहिला. "मालकीणबाई, उद्या निघावं म्हणतो."

छबुबाईनं वर फांदीकडं बघितलं. अजून चार-दोन पिवळे दिसत होते.

"हे काम उरकू दे," ती म्हणाली, "मग बघू. बस धुळा, तू बी एक चोख."