तेलावरची साय

ट्रक गॅरेजच्या दारात आला, की मामा आधी ड्रायव्हरकडं बघायचेच नाहीत. इंजिनावरचं तेल भरायचं टोपण फिरवून काढायचे, तळहातावर उलटं ठेवायचे आणि उन्हात घेऊन जायचे. आतल्या बाजूवरून एक बोट फिरवायचे. मग ते बोट अंगठ्यावर चोळायचे आणि नाकापाशी न्यायचे. तोवर ड्रायव्हर दवाखान्याबाहेर उभं राहिल्यासारखा उभा.

"मामा, काय झालं असंल?"

"बघितल्याबिगर बोलू न्हाई."

सगळे ड्रायव्हर ज्यांना मामा म्हणत, त्या मिस्त्रींचं गॅरेज शिरूर-चौफुला रस्त्यावर भीमेच्या पुलाजवळ होतं. घर नदीपलीकडं शिरूर तालुक्यात, गॅरेज अलीकडं दौंड तालुक्यात. मी कुरकुंभच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्या लावायच्या कामावर होतो. कुठली गाडी कुठं जाईल, किती वाजता सुटेल, हे मी ठरवायचो. त्यामुळं बिघडलेल्या गाडीबरोबर मामांकडं जाणंही माझ्याच वाट्याला यायचं.

त्यांचं ते 'बघितल्याबिगर बोलू न्हाई' फक्त इंजिनापुरतं नव्हतं. निवडणुकीत कोण येणार, पाऊस किती पडणार, शेजाऱ्याची म्हैस किती दूध देईल, सगळ्याला हेच उत्तर. भाचीसाठी खुटबावला मुलगा बघायला गेले, तेव्हाची गोष्ट तर आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होती. मंडळी घरात पोहे खात बोलत बसली आणि मामा गायब. शोधलं तर अंगणात मुलाच्या टेम्पोपाशी वाकून तेल मोजायची पट्टी पुसत होते. परत येताना जीपमध्ये सगळ्यांनी मत विचारलं.

"तेल वेळच्या वेळी बदलतोय. पाणी भरल्यालं हाय," मामा म्हणाले. "माझी हरकत न्हाई. पोरीला इचारा."

पोरगी हो म्हणाली. ती अजून सांगते, की तिच्या नवऱ्याला मामांनी पट्टी बघून पास केला.

इंजिनाच्या तेलात पाणी शिरलं, की दोन्ही घुसळून त्याची पांढरट, दुधाळ चहाच्या रंगाची साय होते. ती टोपणाखाली दिसली, की ड्रायव्हर घाबरतो, कारण असं तेल इंजिनाला आतून खाऊन टाकतं. पण मामा घाबरायचे नाहीत आणि घाबरवायचेही नाहीत. एका थंडीत आमचा एक नवा ड्रायव्हर टोपण हातात घेऊन रडवेला होऊन त्यांच्याकडं पोचला. मामांनी पट्टी काढली. पट्टीवरचं तेल काळंभोर, स्वच्छ. रेडिएटर काठोकाठ. त्यांनी विचारलं, "गाडी कुठं चालती?"

"कुरकुंभ ते दौंड स्टेशन. दिवसातनं चार खेपा."

"मंग तिला घाम आलाय. एवढ्याशा खेपंत इंजिन पुरतं तापत न्हाई, आतली वाफ टोपणाला धरती. सोलापूरला जाऊन ये. वाळंल."

तो सोलापूरला जाऊन आला. टोपण कोरडं झालं. मामांनी फक्त चहा घेतला.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

सोपान नावाचा आमचा एक जुना ड्रायव्हर होता. शांत माणूस, घरी मेंढरांचा वारसा, स्वतः वीस वर्षं स्टेअरिंगवर. एका सकाळी त्याची गाडी पारगावजवळ बंद पडली. टोपणाखाली बोटभर साय. मालकांचा मला फोन आला. ते म्हणाले, "गाडी तापवली असणार त्यानं. तापमानाच्या काट्याकडं लक्ष नव्हतं. इंजिनाचं हेड गेलं असणार, तिथनंच पाणी तेलात शिरलं. गाडी मामांकडं ओढून न्या, आन् सोपानला सांगा, उद्यापासून येऊ नको."

मी "बरं" म्हणालो.

गाडी दोरानं ओढत गॅरेजला आणली. सोपान बरोबर होता; मालकांचा निरोप मी त्याला वाटेतच सांगितला होता. मामांनी टोपण बघितलं, पट्टी बघितली, मग रेडिएटरचं झाकण काढलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता. आतलं पाणी तळाला बसावं म्हणून त्यांनी गाडी दोन तास तशीच उभी ठेवली. मला घाई होती, मी दोनदा घड्याळ दाखवलं. ते बिडी ओढत बसले. मग गाडीखाली जाऊन इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट हळूहळू सैल केला. आधी पाणी आलं, नुसतं पाणी. मग दुधाळ तेल. मग चेंबरच उतरवलं. तळाशी खरवसासारखा थर होता, तेल ओढणारी जाळी निम्मी बुजलेली.

"हेड गेलंय ना?" मी विचारलं.

मामा पाना घेऊन पुन्हा वाकले. त्यांनी पाण्यानं तेल थंड करणारा कूलर खोलून काढला, त्याची तोंडं बंद केली, एका तोंडातून हवा भरली आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात बुडवला. आम्ही तिघं घंगाळावर वाकलो. थोडा वेळ काही नाही. मग कोपऱ्यातून एक बुडबुडा आला. त्याच्यामागं दुसरा. मग ओळच लागली.

"कूलर सडलाय," मामा म्हणाले. "हेड चांगलं हाय. गाडी तापल्याली न्हाई. ह्यात ड्रायव्हरचा दोष न्हाई."

सोपान खाली बसला. मला सुटल्यासारखं वाटलं, पण मामांचं संपलं नव्हतं. चेंबरमधला थर बोटानं खरवडत त्यांनी सोपानला विचारलं, "हा थर एका दिवसाचा न्हाई. रोज पाणी कमी व्हत आसंल की."

"व्हय. दोन-तीन बाटल्या रोज टाकायचो."

"कवापासनं?"

"झालं पंधरा-वीस दिस."

"मंग कुणाला बोलला न्हाईस?"

सोपाननं माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. मग मान खाली घालून म्हणाला, "ऱ्हाऊन गेलं."

राहून गेलं नव्हतं. त्यानं मला तीनदा फोन केला होता. "साहेब, पाणी खाती गाडी, दाखवून घिऊ का?" आणि मी तीनही वेळा म्हणालो होतो, "आत्ता गाड्या कमी आहेत. पाणी टाक आणि चालव." सकाळी मालकांना "बरं" म्हणताना हे मला आठवत होतं.

मामांनी सोपानला चहा सांगायला रस्त्यापलीकडं पाठवलं. तो गेल्यावर चिंधी डिझेलमध्ये बुडवून चेंबर पुसत राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोपानला खोटं बोलता येत न्हाई."

मी खाली पडलेला नट उचलून त्यांच्यापुढं ठेवला.

"साहेब, चेंबर मी धुतो. जाळी धुतो. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मी बाहेर येऊन पुलापर्यंत चालत गेलो. तिथं उभं राहून मालकांना फोन लावला आणि तीन फोनची गोष्ट सांगितली.  त्यावर ते जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी म्हणाले, "सोपानला उद्या यायला सांगा. आन् तुम्ही आधी मला येऊन भेटा."

परत आलो तेव्हा सोपान चहा घेऊन आला होता. त्याला सांगितलं. तो "बरं साहेब" एवढंच म्हणाला आणि मामांबरोबर जाळी धुवायला बसला.

सफाईला दोन दिवस लागले. मामांनी बेअरिंगं उघडून बघितली, ती वाचली होती. नवा कूलर, नवा फिल्टर बसवला. पाण्याची सगळी वाट धुऊन काढली. साधं तेल भरून इंजिन जागेवर थोडं चालवलं, गरम असतानाच काढून टाकलं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. दुसऱ्यांदाही चहाचा रंग आला. तिसऱ्यांदा तेल तेलासारखं आलं, तेव्हा चांगलं तेल भरलं. सोपान गाडी घेऊन निघाला, तसे मामा मला म्हणाले, "तू बी जा आता घरी. जेवला न्हाईस."

तोवर ते मला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणत. त्या दिवसापासून अरे-तुरे सुरू झालं. खरं सांगतो, मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. मालकांनी मला ठेवून घेतलं. त्यानंतर ड्रायव्हर 'पाणी कमी होतंय' म्हणाला, की मी गाडी थांबवायला शिकलो. तो विषय मामांनी पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. भीमेच्या घाटावर दहावा झाला. रस्त्याच्या कडेला पुलापर्यंत ट्रक उभे होते. एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीत त्यांना प्रगतिशील शेतकरी म्हटलं. मामांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ड्रायव्हर एकमेकांकडं बघून गालात हसले आणि मग डोळे पुसू लागले.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. मामी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मला बसायला सांगून म्हणाल्या, "ह्यांची कापडं मी येगळी भिजवायची. चाळीस वर्सं. सगळ्यात काळं पाणी त्याच बादलीत."

दोरीवर त्यांच्या दोन साड्या आणि नातीचा शाळेचा पांढरा शर्ट होता. शर्टावर कुठं डाग नव्हता. मामींनी तो झटकून सरळ केला आणि म्हणाल्या, "आता धुणं लवकर आटपतं. मंग काय करावं कळत न्हाई."