कवळीवाले आणि बेकरीवाली

कवळीवाल्यांचं आयुष्य लोकांचे दात करण्यात गेलं. डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे लॅबमध्ये यायचे. त्यावर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. गंमत अशी, की दुसऱ्यांच्या तोंडाशी त्यांचं नातं एवढ्यावरच संपत नव्हतं. लहानपणी तापात कान गेले होते. उरलं ते इतकं थोडं, की कानात मशीन घालूनही बोलणं म्हणजे बंद दारापलीकडची कुजबुज. त्यामुळे ते जन्मभर लोकांचे ओठ वाचत आले होते.

शाळेत बाई त्यांना हात मांड्यांखाली दाबून बसवायच्या. हाताने खूण केली की पट्टी. ओठांसमोर कागदाचा तुकडा धरून ‘प’ म्हणायचं. कागद फडफडला तरच जेवायला सुट्टी. असं मरमर मरून ते बोलायला शिकले. “अहो, तुम्हाला ऐकू येत नाही हे कळतसुद्धा नाही!” असं कुणी म्हणालं, की त्यांची छाती फुगायची.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ऐकू न येणारी, कमी येणारी पोरंपोरी जमायची. सगळी अडनिड्या वयाची. कवळीवाले त्यांना शिकवायचे: दुकानात कसं बोलायचं, समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल असं कुठे बसायचं, समजलं नाही तर न लाजता पुन्हा कसं विचारायचं. पोरं त्यांना काका मानत. हातांनी त्यांचं नाव घ्यायचं तर पुढच्या दातांवर बोटाने टकटक करत. त्यातली चिमणी म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत. चणीने लहान, डोक्याने तल्लख. लॅबमध्ये एक जागा होती, तिथे तिला चिकटवायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग बेकरीवाली आली.

जन्मापासून बहिरी, आईबापही बहिरे. वय तिशीच्या आतलं, कोपरापर्यंत पिठाचे डाग. तिने हात उचलले आणि खोलीतला गोंगाटच बदलला. भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. पंधरा मिनिटांत पोरांच्या खुर्च्या तिच्याभोवती सरकल्या. तिने काहीतरी किस्सा सांगितला, पोरं पोट धरून हसली. कवळीवालेही हसले. पण एक क्षण उशिरा, आणि कशाला ते न कळता. त्यांना येणाऱ्या खुणा मोडक्यातोडक्या, मोठेपणी चोरून शिकल्यासारख्या.

“काय झालं? तोंड का असं?” घरी बायकोने समोर येऊन विचारलं.

“काही नाही. नवीन बाई आलीय. जरा जास्तच हातवारे करते.”

“म्हणजे पोटात दुखतंय.”

“मला? कशाला दुखेल?”

“तुम्ही खोटं बोलायला लागलात की आवाज चढतो. तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं.”

पुढचे शनिवार त्यांनी दातओठ खात काढले. चिमणी दारातून आली की आधी त्यांच्याकडे यायची, ती आता हात हलवून थेट तिकडे जायला लागली. ती बोलायचा सराव टाळायची. एकदा तर म्हणाली, घसा दुखतो. हात मात्र अखंड चालू!

लॅबच्या मालकाने चिमणीला भेटायला बोलावलं, तेव्हा तिने सांगितलं, “बेकरीताईपण येईल.” कवळीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी बेकरीवालीला बाजूला घेऊन अडखळत खुणा केल्या: मालकाला गर्दी आवडत नाही, तू नको येऊस. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सगळं ओळखलं असावं तिने. तरी मान डोलावून निघून गेली.

मालक तसा बरा माणूस. त्याने चिमणीला दोन-चार गोष्टी विचारल्या. तिने तोंडाने उत्तरं दिली. “काय?” तो म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. “काय?” तिसऱ्यांदा तिचे कान लाल झाले. मग मालक कवळीवाल्यांकडे बोट करून, तिच्याकडे बघत, सावकाश म्हणाला, “यांच्यासारखं स्वच्छ बोलायला शीक. मग ये.”

ओठ वाचायला तिला काकांनीच शिकवलं होतं. तिला अक्षर न् अक्षर कळलं. तिचे हात वर गेले आणि धो धो बोलायला लागले. कवळीवाल्यांना त्यातलं ‘काका’ आणि ‘नको’ एवढंच लागलं.

“काय म्हणतेय?” मालकाने विचारलं.

जन्मभर जे वाक्य तोंडातून निघू नये म्हणून धडपडले, ते त्यांना म्हणावं लागलं. “मला कळलं नाही.”

त्यांनी तिच्यापुढे फोन धरला, लिही म्हणून. तिने तो हाताने बाजूला सारला आणि एकच खूण केली, कणीक मळल्याची.

“दहा मिनिटं द्या,” कवळीवाले मालकाला म्हणाले, आणि मागच्या गल्लीतल्या बेकरीकडे अक्षरशः पळत सुटले. काचेवर थापा मारून काय उपयोग, ते आतच घुसले. काय सांगायचं ते हातांना सुचेना. “चल,” एवढंच केलं. तिने भट्टी सहकाऱ्यावर सोपवली आणि ॲप्रनसकट निघाली.

लॅबमध्ये मग साखळीच लागली. चिमणीने पुन्हा सगळं सांगितलं. बेकरीवाली तेच सोप्या, सावकाश खुणांनी कवळीवाल्यांना दाखवणार, आणि ते तोंडाने मालकाला सांगणार. पण बेकरीवाली सुरुवातीलाच थबकली. त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, खरंच सांगू? त्यांनी मान हलवली. तिने एकेक खूण जपून केली.

खोलीत ऐकू येणारा एकटा मालक. कवळीवाल्यांनी पाठ फिरवून दोन शब्द इकडचे तिकडे केले असते, तर ओठ न दिसल्याने या दोघींना कधीच कळलं नसतं.

त्यांनी घसा खाकरला. “ती म्हणते, काम मला हवंय. हात चांगले आहेत माझे, बघून घ्या. पण काकांसारखं बोलायला मला शिकायचं नाही. ते दिवसभर इतका जीव काढून बोलतात, की संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यात काही उरत नाही. मला तसं थकायचं नाही.”

मालक त्यांच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं शेजारी काम करून त्याला हे सुचलं नव्हतं. “खरं आहे का हो?” त्याने विचारलं.

“खरं आहे.”

चिमणीला महिनाभर येऊन बघ म्हणून सांगण्यात आलं. ती उडतच बाहेर पडली, आणि बाहेर जाऊन मिठी मारली ती बेकरीवालीला. मग आठवण झाल्यासारखं काकांनाही.

“ती जिंकली,” घरी आल्यावर कवळीवाले बायकोला म्हणाले. जेवण पुढ्यात तसंच.

“बेकरीवाली?”

“नाही गं. तिच्यावर मी उगाच जळत होतो. मला हेवा वाटतो तो त्या कार्टीचा. तिच्या वयाचा होतो तेव्हा माझे हात मांड्यांखाली होते. मला कुठे भेटली अशी कुणी?”

बायकोने त्यांचा हात धरून ताटावरून बाजूला केला, भाजी गार झाली होती ती गरम करायला नेली.

आता मंगळवारी बेकरी बंद असते तेव्हा कवळीवाले तिथे जाऊन बसतात. बेकरीवाली त्यांना पिठाच्या टेबलाशी उभं करून खुणांची भाषा शिकवते. “हात येतील हळूहळू,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, “चेहरा आधी जागा करा. भिंतीसारखा आहे.” मधूनच चिमणी येते, त्यांची बोटं धरून नीट करते, आणि त्यांनी चार वेळा घोकलेला किस्सा एका दमात सांगून टाकते. ते हसतात. आता वेळेवर हसतात. पण तिच्या हातांकडे बघताना पोटात अजून थोडं दुखतंच.