केशरी पोट आणि शेवटचा पाव

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात माशांचं मन अल्वारइतकं कुणालाच कळत नव्हतं. वय सदतीस. मत्स्यालयातल्या टाक्या सांभाळायचा आणि उन्हाळी पाहुण्यांना काचेजवळ नेऊन ते बोटाएवढे मासे दाखवायचा.

"ही मादी. अंडी तयार झाली की पोट केशरी दिसतं. आधी नर मागे लागतात, पण मोसम सरत आला की नर कमी पडतात. मग मादीच पुढे होते, अंग वाकवून पोट दाखवते. नराला बरोबर कळतं. लगेच नाचायला लागतो."

"माशाला कळतं," त्याची आई गुनवोर घरी भांडी आपटत म्हणायची.

कारण मत्स्यालयाच्या तिकीट खिडकीवरची तीरा दोन वर्षं दर गुरुवारी होडीनं, भर वाऱ्यात त्यांच्याकडे कॉफीला येत होती. कॉफी काय तिच्या घरी मिळत नव्हती? यंदा तर स्वतः विणलेला केशरी स्वेटर घालून आली.

"छान आहे," अल्वार म्हणाला. "पाण्यात पडलीस तर लांबून दिसशील."

गुनवोरला ओव्हनमध्ये डोकं घालावंसं वाटलं.

आज तीरा म्हणाली, "मला गोथेनबर्गला नोकरी मिळतेय. येते की नाही, उद्या कळवायचंय."

"अरे वा! तिथं ट्राम आहे."

ताटलीत दालचिनीचा एकच पाव उरला होता. शेवटचा पाव उचलण्याइतकं निर्लज्ज त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. तीरानं अर्धा कापून घेतला. अल्वारनं उरलेल्यातला अर्धा. मग पुन्हा तीरानं.

"घे ना."

"छे, तू घे."

तुकडा बदामाएवढा झाला. आपली नातवंडं या सभ्यतेपायी जन्मालाच येणार नाहीत, हे गुनवोरला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात तीरानं तो तुकडा उचलला, अल्वारकडे बघत तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

अल्वार मानेपासून कानापर्यंत लाल झाला. "तू... शेवटचा खाल्लास."

"खाल्ला."

"म्हणजे?"

"आता काय, अंग वाकवून दाखवू?"

"मी जरा कपडे वाळत घालते," म्हणत गुनवोर उठली. बाहेर पाऊस होता. ती दाराआड रिकामी बादली धरून उभी राहिली, श्वास रोखून.

 मग आतून अल्वारचा घोगरा आवाज आला.

"तीरा, त्या ट्राम... फार आवाज करतात गं. झोप नाही लागायची तुला."

गुनवोरनं बादली खाली ठेवली. तिच्या पोराच्या मानानं हा नाचच होता.