पंच झालेला दाखला

केरबा शिंगे एसटीत कंडक्टर होता. सत्त्याण्णव सालच्या जून महिन्यात कोल्हापूर-गडहिंग्लज रस्त्यावर असा एकही मास्तर उरला नव्हता, ज्याला त्यानं तिकीट देता देता छळलं नव्हतं. "पावणं, मास्तर दिसताय. पोरीला पाचवीला दगडी शाळेत घालू का वडाच्या?" बिचारा मास्तर खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत असायचा, तोवर हे संकट उभं. कागलपर्यंत दगडी शाळा पुढं असायची, निपाणीला वडाची, आणि गडहिंग्लजच्या स्टँडात गाडी शिरेपर्यंत दोघी पुन्हा बरोबरीला आलेल्या असायच्या.

त्याची थोरली, निशा, कॉर्पोरेशनच्या शाळेतून चौथी पास झाली होती. दोन्ही हायस्कुलांची प्रवेश परीक्षा तिनं दिली आणि दोन्ही याद्यांत तिचं नाव लागलं. दगडी शाळा म्हणजे काळ्या दगडाची इमारत, सगळ्यांच्या वह्यांना एकसारखी खाकी कव्हरं, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत एक-दोन वर्षांआड हमखास नाव. वडाच्या शाळेला मोठं मैदान, आणि तिथं पाचवीपासून पोरांना प्रयोगशाळेत हात लावू देत. तिथली पोरं पाहुण्यांसमोर न अडखळता बोलत. दोघींतली एक जरी वाईट असती तर केरबा सुखानं जेवला असता. पण दोन्ही चांगल्या, आणि तेच त्याला चावत होतं.

बायको शालन अंगणवाडीत मदतनीस होती. दिवसभर वीस पोरं सांभाळून घरी आली की तिला हे एकविसावं सांभाळावं लागे. "दोन्ही चांगल्या हायत म्हणतासा, मग कुठंबी घाला की. का तिसरी शोधायला निघालाय आता?" असं म्हणून ती भाकरी थापायला बसे. केरबा ताटावरून अर्धवट उठायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्याचं बूड म्हणून कुठं टेकत नव्हतं.

त्याला कारण होतं. केरबाचं गाव कोडोली. तो सातवी झाला तेव्हा मास्तरांनी त्याच्या बापाला, अप्पाला, सांगितलं होतं की पोरगं हुशार आहे, कोल्हापुरात बोर्डिंगात ठेवा. बोर्डिंगं दोन होती. कुठलं बरं, हे अप्पा महिनाभर ज्याला त्याला विचारत फिरला, आणि विचारून होईपर्यंत दोन्हीकडच्या जागा भरल्या. केरबा गावातच शिकला. तिथं दोन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. मॅट्रिकला गणितात गचकला, दुसऱ्या खेपेला निघाला आणि एसटीत चिकटला. पुढं अप्पा आयुष्यभर म्हणायचा, "मी इचारतच हुतो की रं बाबा." बापाला तो कधी उलटून बोलला नाही, पण तो राग त्याच्या पोटातून गेलाही नाही. आणि आता महिनाभर तो स्वतः काय करत होता? विचारतच होता. हे ध्यानात आलं की रात्री तो अंथरुणात उठून बसे.

दोन्ही शाळांची शेवटची तारीख एकच, शनिवार. शाळा सोडल्याचा दाखला मात्र एकच असतो, आणि तो मूळ प्रत म्हणून द्यावा लागतो. ज्या शाळेत दाखला दिला तिथं पोरगी. तो कागद केरबानं अकरा दिवस चामडी पिशवीत घालून तीन तालुके आणि थोडा कर्नाटक हिंडवला. ड्रायव्हर बाळासो म्हणायचा, "केरबा, शाळा बघालाईस का पोरीला स्थळ?"

शुक्रवारी कागलला श्यामलाबाई चढल्या. तीस वर्षं शिकवून रिटायर झालेली बाई, म्हणजे केरबाला देवच भेटला. त्यानं दाखला काढून त्यांच्या हातात दिला आणि आपली कर्मकथा सुरू केली. तेवढ्यात मागून दोघांनी तिकिटं मागितली, एका म्हातारीला उतरायचं होतं, बाळासो ओरडत होता. बाईंनी दाखला वाचला, "मुलगी छान आहे हो," म्हणाल्या आणि कागद परत पुढं केला. आता एकोणीस वर्षं ज्या हातानं समोर आलेला प्रत्येक कागद पंच केला, त्या हाताला तिकीट कुठलं आणि दाखला कुठला हे काय कळणार? कट्ट.

केरबानं पाहिलं. जन्मतारखेच्या सालावर, शेवटच्या आकड्याच्या जागी गोल भोक पडलं होतं. श्यामलाबाई काहीतरी समजुतीचं बोलत होत्या, ते त्याला ऐकूच आलं नाही. संध्याकाळी धावतपळत जुन्या शाळेत गेला, तर तिथल्या क्लार्कनं सांगितलं, दुसरी प्रत पाहिजे तर अर्ज करा, आठ दिवस लागतील. आठ दिवस! दोन्ही जागा जाणार, आणि पुढं पोरीनं विचारलं तर आपणही अप्पासारखं तेच सांगणार.

शनिवारी रजा टाकून तो निशाला घेऊन निघाला. डावीकडं वडाची शाळा, उजवीकडं दगडी, अशा चौकात येऊन उभा राहिला तो राहिलाच. आठवडाभर भाव काढून बाजार उठायच्या वेळी रिकामी पिशवी घेऊन उभं राहावं, तसा. निशा उजवीकडं चालायला लागली. केरबा तिच्या मागं गेला.

दगडी शाळेच्या ऑफिसात चष्मेवाल्या क्लार्कनं दाखला उजेडात धरला. भोकातून त्याचा एक डोळा केरबाला दिसला.

"हे काय केलंय?"

"चुकून पंच झालं, साहेब. कंडक्टर हाय मी."

"असला दाखला कसा घेणार?" क्लार्कनं कागद टेबलावर पुढं सरकवला.

आता केरबानं हातापाया पडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे नाही म्हणतात, म्हणजे वडाची शाळाच बरोबर असणार, आत्ता निघालं तर गाठता येईल! त्याचा हात दाखल्याकडं गेलासुद्धा. निशानं आधीच त्या कागदावर आपला पंजा ठेवला होता.

"पप्पा, पंच झालेलं तिकीट परत घेत न्हाईत. तुम्हीच सांगतासा की सगळ्यांना."

क्लार्क हसला. त्यानं कागद पुन्हा ओढून घेतला, खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "अंकात भोक आहे, पण अक्षरी तारीख शाबूत आहे. बसा." पाच मिनिटांत पावती हातात आली. फाटकाबाहेर पडताना केरबानं पुन्हा एकदा वडाच्या शाळेच्या दिशेला मान वळवलीच.

ती मान पुढं सहा वर्षं वळत राहिली. निशाला सहामाहीत दोन मार्क कमी पडले की त्याला वडाचं झाड दिसे. त्या शाळेच्या पोरांनी विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेतलं की तो दोन दिवस घुम्यासारखा वागे. शालननं तर त्या शाळेचं नाव घरात घ्यायला बंदी घातली होती.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये निशा चौऱ्याऐंशी टक्के मिळवून दहावी पास झाली. पेढा तोंडात असतानाच केरबा म्हणाला, "वडाच्या शाळेत घातलं असतं तर नव्वद पडलं असतं का गं?"

शालननं कपाळावर हात मारला. निशा हसली नाही. "पप्पा, परीक्षेला गेलते तेव्हा दगडी शाळेत मला खिडकीजवळ नंबर आला होता. सव्वाअकराला तुमची गडहिंग्लज गाडी खालून गेली. तुम्ही दारात होतासा. वडाच्या शाळेवरनं कुठलीच गाडी जात न्हाय."

"मग?"

"मग काय? सकाळी उठायच्या आत तुम्ही ड्युटीवर, रात्री यायच्या आत मी झोपलेली. म्हणून तिथं गेले. सहा वर्षं खिडकीचाच बाक धरला मी. हात केला की बाई ओरडायच्या. तुम्ही कधी वर बघितलंच न्हाईसा."

केरबानं हातातला अर्धा पेढा खाली ठेवला. स्टँड सोडल्यावर त्या भिंतीजवळून जाताना तो रोज तिकिटं फाडत असायचा. आणि कधी मान वर केलीच, तर तीही दुसऱ्या बाजूला, वडाच्या शाळेकडं.

सोमवारी सव्वाअकराची गाडी शाळेजवळ आली. केरबानं दोन प्रवाशांची तिकिटं तशीच हातात धरली, दारात आला आणि वर बघितलं. तिसरी खिडकी, निशानं सांगितलेली. तिथं दुसरीच कुणाची तरी पोर बसली होती आणि खाली रस्त्याकडं बघत होती. केरबानं तिला हात केला. ती गोंधळली, मग तिनंही केला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ कंडक्टर, तिकीट द्या की," पण गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.