नानाचा लास्ट पोस्ट

मी कमी बोलतो. पलटणीत सतरा वर्षं बिगुलर होतो, म्हणजे जे सांगायचं ते बिगुल सांगायचा. त्यामुळे झालं असं की माझे किस्से दुसऱ्यांनीच सांगितले. पारोळ्यात आम्ही पाच-सहा माजी सैनिक रोज चहाला जमतो. तिथे माझ्यावरचा प्रत्येक किस्सा दर वर्षी थोडा थोडा वाढतो. म्हणून म्हटलं, आता आपणच लिहावं. निदान खोटं तरी कमी होईल.

लिहायला बसण्याचं खरं कारण सुकलाल नाना. आमच्याच पलटणीत ड्रायव्हर होता, आमच्याच गल्लीत राहतो. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरने त्याला सांगितलं की हृदयाची झडप खराब आहे, या वयात ऑपरेशन नको, वर्षभर निघालं तरी खूप. तिथून आला तो सरळ माझ्या ओट्यावर. म्हणाला, मी गेलो की लास्ट पोस्ट तूच वाजवायचा. मोबाईलवरचा चालणार नाही.

लास्ट पोस्ट म्हणजे सैनिकाला निरोप देताना वाजवतात ती धून. मी हो म्हणालो. मग पेटीतून बिगुल काढला, फुंकला, आणि घाम फुटला. आवाजच येईना. बिगुलाबरोबर हे बाकीचे किस्से मात्र बाहेर आले.

*

मी सातवी पास. भरती झालो तेव्हा उस्तादाने आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकाचं तोंड उघडून पाहिलं, बाजारात बैल बघतात तसं. माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "ये लडका बिगुल बजाएगा."

शंभर पोरांतून मला निवडलं! गावी पत्र टाकलं की साहेबांनी माझी हुशारी ओळखली. वडिलांनी ते पत्र गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

दहा वर्षांनी ऑफिसातल्या क्लार्कने माझी जुनी फाईल दाखवली. माझ्या नावापुढे दोनच शेरे होते. लेखी, कच्चा. दात, उत्तम.

*

पलटणीत रविवारी सकाळचा कॉल एक तास उशिरा वाजवायचा असतो. जवान त्या एका तासासाठी आठवडाभर जगतो. माझा पहिला रविवार होता. मी नेहमीच्या वेळेला उठलो, बटणं चकाचक केली, मैदानाच्या मधोमध उभा राहिलो आणि छाती फुगवून कॉल दिला. आयुष्यात इतका सुंदर वाजवला नव्हता.

सगळी पलटण उठली. बूट चढवून बाहेर आली आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आज रविवार आहे.

मला कुणी बोललं नाही. हात लावला नाही. फक्त पुढचा महिनाभर लंगरमध्ये माझी थाळी पुढे आली की डाळ तळाला जायची आणि वरचं पाणी थाळीत यायचं. वाढणाऱ्याच्या शेजारी उभा राहून सुकलाल म्हणायचा, "अजून थोडं पाणी द्या त्याला, फुंकून फुंकून घसा सुकला असेल."

*

पुढे पहाडात पोस्टिंग आली. तिथे नियम असा की बिगुलाचं तोंड, म्हणजे माऊथपीस, काढून बनियनच्या आत छातीशी ठेवायचं. वाजवायच्या वेळी गरम पाहिजे. मला वाटलं, हे नवशिक्यांसाठी. मी जुना माणूस.

संध्याकाळी झेंडा उतरवताना वाजवायला उभा राहिलो. थंडगार पितळ ओठाला लावलं. धून संपली. झेंडा उतरला, घडी झाला, सगळे सावधान. मी बिगुल खाली घ्यायला गेलो तर ओठ बरोबर यायला लागला. चिकटला होता! मग काय करणार, तसाच उभा राहिलो. बिगुल तोंडाला, नजर समोर.

सीओ साहेब हे बघत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले की ड्युटी कशी करावी ते या जवानाकडून शिका, परेड संपली तरी याने बिगुल खाली घेतला नाही. मला शाबासकी मिळाली.

आदल्या संध्याकाळी सुकलालने गाडीच्या आडोशाला नेऊन माझ्या ओठावर कोमट चहा ओतला होता, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही. सुकलालने ते पारोळ्यासाठी राखून ठेवलं होतं.

*

पेन्शनवर घरी आलो. पहिल्याच दिवशी ठरवलं की या घराला शिस्त लावायची. पहाटे पाचला अंगणात उभं राहून सकाळचा कॉल दिला. गोठ्यातल्या म्हशीने खुंटा उपटला. समोरच्या घरातले दोघं बाहेर येऊन आग कुठे लागली विचारायला लागले.

बायको मागच्या दाराने आली. हाताला शेण होतं. सडा झालेला, म्हशीचं दूध काढलेलं, चूल पेटलेली. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी कव्हयनी उठेल शे. आते कोनले उठाडी राहिनात?"

घरात तो कॉल परत वाजला नाही.

*

शाळेत मात्र दर सव्वीस जानेवारीला वाजवायचो. आबा आले, बिगुल आला, अशी पोरं ओरडायची. मग ते उत्तम शेऱ्याचे दात एकेक करून गेले आणि जळगावला कवळी बसवली.

त्या वर्षी झेंडा वर गेला, मी फुंकलं, आणि वरची कवळी सुटली. ओठ मिटून धरली. जो आवाज निघाला तो मी ऐकला नाही असं दाखवलं. पहिल्या रांगेतली पोरं सॅल्यूट करून हसत होती. तरी पोरांचं कौतुक वाटलं, हात एकाचाही खाली आला नाही.

मुख्याध्यापिका फार सभ्य. म्हणाल्या, "आबा, पुढच्या वर्षी तुम्ही अध्यक्ष व्हा."

पुढच्या वर्षी मी हार घालून खुर्चीत बसलो आणि धून स्पीकरवर लागली. कार्यक्रम संपल्यावर गावातले चार जाणते लोक मुद्दाम येऊन हात मिळवून गेले. म्हणाले, "आबा, आज खूपच छान वाजवलं."

मी आभार मानले.

*

आता नानाचं. डॉक्टरकडून आल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारी, नानाने मला बोलावून घेतलं. अंगणात खाटेवर बसला होता. म्हणाला, "मरावर मले काय आयकू येई? आतेच वाजाड."

मी म्हटलं, जिवंत माणसासाठी वाजवत नाहीत. तो म्हणाला, मग मला मेलेला समज. वहिनी आतून ओरडल्या. नानाला काही फरक पडला नाही, आणि मलाही पडला नाही, कारण नाना सिनियर.

मी फुंकलं. नाना खाटेवरून उठला आणि सावधान उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून सॅल्यूट केला नाही. सूर फुटत होते, मध्येच गायब होत होते, पण धून ओळखू येत होती. गल्लीने ती ओळखली. सुकलाल नाना गेला! माणसं धावत आली. कुणीतरी जामनेरला त्याच्या बहिणीला फोन लावला. एकाने घाईत तिरडीचे दोन बांबूसुद्धा आणले.

लास्ट पोस्ट झाला की थोडी शांतता असते आणि मग उठायची धून वाजते. ती वाजेपर्यंत कुणी हलत नाही. माझे ओठ संपले होते. फुंकतो तर नुसती हवा. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. नाना खराब झडप घेऊन उन्हात सावधान. वहिनी म्हणाल्या, "बसा हो, पाया पडते." भाऊबंद म्हणाले, नाना बस. नाना हलला नाही. दातावर दात ठेवून मला एवढंच म्हणाला, "वाजाड."

शेवटी मी कवळी काढून खिशात टाकली आणि नुसत्या हिरड्यांवर ती धून ओढली. रेडकू हंबरावं तशी वाजली. पण वाजली.

नाना विश्राम झाला. खाटेवर बसला. सगळी गल्ली बघत होती. म्हणाला, "आसं वाजाडशी तर मी मरनार नही. पयले शिक."

त्या दोन बांबूंवर वहिनींनी गिलक्याचा वेल चढवला. मी रोज संध्याकाळी नानाच्या अंगणात जाऊन सराव करतो. नाना ऐकतो आणि मान हलवतो. डॉक्टरने दिलेली मुदत कधीच उलटली.

मागच्या गुरुवारी शेतात एकटाच होतो. कपाशीच्या बांधावर उभा राहिलो आणि लास्ट पोस्ट वाजवला. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकही सूर फुटला नाही. पलटणीतसुद्धा इतका साफ वाजला नसेल.

संध्याकाळी नाना वाट बघत होता. म्हणाला, वाजाड.

मी वाजवला. तिसऱ्याच सुराला फाटला.

"नही जमनं," नाना म्हणाला.

"नही जमनं," मी म्हणालो, आणि वहिनींनी आणलेला चहा घेतला.