यादीतलं तिसरं नाव

वाईच्या एसटी स्टँडवर आई रडली नाही. वडिलांनी माझी ट्रंक टपावर चढवून घेतली आणि म्हणाले, "सरकारी विमान कंपनी आहे. डोळे झाकून जा." आईने मेतकुटाचा डबा खिडकीतून आत दिला. "तुला काय बाबा, विमान घरचंच. हाक मारली की येशील." ताई, तू शेजारीच उभी होतीस. मी मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती.

चेन्नईच्या विमानतळावर मी काउंटरला लागलो. कंपनीच्या कॉलनीत खोली, सकाळी इडली, संध्याकाळी रसम-भात. तमिळ इतकं तोंडात बसलं, की सुट्टीवर आलो की वाईच्या भाजीवालीलाही "पुरे"ऐवजी "पोदुम, पोदुम" म्हणायचो आणि ती बघतच राहायची. कंपनीची पुढे काय दशा झाली ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. आम्ही ती आतून पाहिली. विमानं म्हातारी झाली, गेलेल्या माणसांच्या जागी नवी येईनात, आणि उशीर झाला की शिव्या खायला काउंटरवर आम्ही.

पण एका गोष्टीचा माज होता. पास! वर्षातून ठरावीक वेळा फुकट विमानप्रवास. अट एवढीच, की सीट रिकामी राहिली पाहिजे. तिकीटवाले सगळे बसले की उरलेल्या जागा स्टाफच्या यादीप्रमाणे, नोकरीत जो जुना तो आधी. ती यादी कित्येक वर्षं मी चालवली. बहिणीच्या लग्नाला निघालेली, बाळंतिणीला आणायला निघालेली माणसं मी काउंटरवरून परत पाठवली आहेत. तरी तिकीट विकत घेणारा स्टाफमधला माणूस म्हणजे आमच्यात चेष्टेचा विषय.

तू साताऱ्याच्या दवाखान्यातून फोन केलास. "आई सारखं तुझं नाव घेतेय. पास-बीस ठेव बाजूला, तिकीट काढून ये." मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

"आमच्यात तिकीट कोण काढतं गं? दुपारच्या पुण्याच्या विमानात दहा-बारा जागा आहेत."

सकाळी होत्याच. दुपारपर्यंत दुसऱ्या एका रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी आमच्यावर आले आणि दोन जागा उरल्या. यादीत माझं नाव तिसरं.

काउंटरवर गणपतराव होते. मैलापूरचे, तंजावरी मराठी घरातले. बोलण्याला तमिळ हेल, पण मनाने सोन्यासारखा माणूस. हळूच म्हणाले, "तुमचं नाव वर घेतो की हो. कोण विचारणार?"

वरची दोन नावं एका निवृत्त मेकॅनिकची आणि त्याच्या बायकोची. लेकीकडे चार दिवस निघाली होती दोघं. जाऊन नुसतं "आई आजारी आहे" म्हटलं असतं, तर त्यातल्या एकाने हसत जागा दिली असती. पण आजवर परत पाठवलेले सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले, आणि त्याहून खरं सांगायचं तर तोंड उघडायची लाज वाटली. "यादी आहे ती यादी," मी म्हणालो. ती दोघं आत गेली. मग खासगी कंपन्यांच्या खिडक्यांवर धावलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट मिळालं. आयुष्यातलं पहिलं.

आई त्याच संध्याकाळी गेली. चारच्या सुमाराला तिने विचारलं होतं, "विमान आलं का गं?" तू हो म्हणालीस. मग ती दाराकडे बघत राहिली, असं तूच तेराव्याला सांगितलंस, आणि त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच होतं तुझं.

पुढे कंपनी विकली गेली. कॉलनी सोडावी लागली, पासही गेला. मी चेन्नईतच अड्यारला दोन खोल्या घेऊन राहतो. गणपतराव रविवारी येतात, कॉफी पितात, त्या दुपारचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. वाईला कायमचा परत का येत नाही, असं शेजारपाजारचे विचारतात म्हणे. काय तोंड घेऊन येऊ?

तरी आईच्या श्राद्धाला येतो. तू त्याआधी फोन करतेस. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकच विचारतेस.

"तिकीट काढलंस का?"

"काढलं, ताई. महिन्याभरापूर्वीच काढलं."

"बरं," म्हणतेस आणि ठेवतेस. घर म्हणून आता माझ्याकडे तेवढंच उरलंय.