अण्णाला वाचून दाखवलेलं पत्र

त्या शनिवारी पोस्टमनने बंगळूरचं पत्र दिलं. अण्णाने ते माझ्या हातात ठेवलं. मी वाचून दाखवलं.

त्यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — पण आधी अण्णाविषयी सांगू दे. समोरच्याला हसवल्याशिवाय तो कुठलीच गोष्ट सुरू करायचा नाही.

माझा हा थोरला भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत प्रतवारी करायचा, आणि त्याला सिनेमाची पदवी हवी होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पदवी स्वस्त हवी, पण पदरात काही टाकणारी हवी. ती पारखायची कशी? तंबाखूसारखीच — चोळून, हुंगून. प्रत्येक संस्थेला तो माझ्याकडून एकच प्रश्न लिहून घ्यायचा : कॅमेरा हातात केव्हा देता? मुंबईच्या एका क्लासने सोनेरी कडांचं माहितीपत्रक पाठवलं; प्रश्नाला उत्तर नाही. अण्णाने ते खरंच नाकाला लावलं.

"पान चकचकीत हाय गं, पर वास न्हाय."

पुण्यात जागा मोजक्या, खर्च फार. उरलं बंगळूर — सरकारी, फी थोडी, राहायला वसतिगृह. तो अर्ज मी कन्नडमध्ये लिहिला. अण्णा बाजारात फाडफाड कन्नड बोलायचा, पण शिकला मराठी शाळेत. कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. घरात कन्नड वाचणारी मी एकटी.

आणि रविवार? रविवारी तो मला सायकलवर मागे बसवून सिनेमाला न्यायचा. आमच्या गल्लीत मुलीला एकटीने टॉकीजला कोण जाऊ देणार? परतताना परीक्षा असायची — "मास्तरीणबाई, ती रडली तवा कॅमेरा कुठं हुता, सांग." चुकले की सायकल मुद्दाम खड्ड्यात. इतकी मी पुन्हा कधी हसले नाही.

तर — ते पत्र.

"वाच की. काय म्हणत्यात?"

मी दोनदा वाचलं. त्याची निवड झाली होती. मला बंगळूर दिसलंच नाही — सायकलचा मागचा रिकामा कॅरिअर दिसला, आणि मी घरात. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

"घेत न्हाईत म्हणत्यात," मी म्हणाले.

तो म्हणाला, "अर्जाला तंबाकूचा वास लागला आसंल." मी पत्र पुढे केलं — का केलं? "ठेव तुझ्यापाशीच. नकाराचं काय लोणचं घालायचं?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मागे बसले — बसूच कशी शकले?

पुढे व्हिडिओ आला, तेव्हा अण्णा वखार सोडून लग्नांचं शूटिंग करू लागला. त्याचा कॅमेरा पंगतीत वाढणाऱ्या म्हाताऱ्यांवरच रेंगाळायचा. "अवो, नवरा कुठं हाय ह्यात?" लोक भांडायचे. "नवरा रोज दिसंल. आज्जी न्हाय दिसायची." आणि मी शेजारी असले की जोडायचा, "हिनं लई अर्ज लिवलं माझ्यासाठी." मी हसायचे.

गेल्या महिन्यात अण्णा गेला.

पत्र माझ्याकडे आहे. टंकलेल्या मजकुराखाली कुणीतरी शाईने एक ओळ जास्तीची लिहिली आहे : कॅमेरा पहिल्याच महिन्यात हातात देतो.